झाडांचं वार्षिक पॅकेज: करवतीला पूर्ण गुण, औषधांना भोपळा

विलेपार्ले पूर्वेच्या एका जुन्या सोसायटीत या वर्षी आवारातल्या झाडांसाठी खासगी कंपनीचं वर्षभराचं पॅकेज घेतलं गेलं. चार इमारती, मध्ये पार्किंग आणि २३ झाडं: सात नारळ, चार आंबे, तीन गुलमोहर, तीन सोनमोहर, दोन रेन ट्री, दोन खोटे अशोक, एक जांभूळ, एक बकुळ. कोटेशन ७२,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८४,९६०. त्यात सहा ओळी होत्या: तपासणी व अहवाल, पालिकेच्या परवानगीची कागदपत्रं, पावसाळ्याआधीची छाटणी, तीन वेळा 'औषधोपचार', दोन वेळा 'मुळांचं पोषण', आणि कचरा उचलणं.

कंपनीचं नाव देत नाही. याच सहा ओळी थोड्याफार फरकाने बहुतेक कोटेशनांत सापडतात, तेव्हा ओळ धरून काय मिळालं ते सांगणं जास्त उपयोगाचं. थोडक्यात निकाल हवा असेल तर तपासणी उत्तम, छाटणी दोन दिवस उत्तम आणि एक दिवस वाईट, नारळाचं काम धोक्याचं, औषधं निरुपयोगी. ज्या मुळांवर झाड उभं असतं त्यांचं मात्र कोणी काही केलं नाही.

तपासणी

पहिल्या भेटीत दोन माणसं आली आणि करवत आणली नाही. पहिला गुण तिथेच.

सुरुवात बुंध्यापासून झाली, आणि ती तशीच व्हायला हवी. निरोगी झाडाचं खोड जमिनीत शिरताना हत्तीच्या पायासारखं पसरतं. ते विजेच्या खांबासारखं सरळ मातीत गेलेलं दिसलं की समजावं, बुंध्यावर भराव चढलाय. इथे २३ पैकी ९ झाडांची हीच गत होती. दर रंगरंगोटीच्या वेळी ओटा थोडा उंच, पेव्हर बसवताना थोडी खडी वर, असं करत १५ ते २५ सेंटीमीटर बुंधा गाडला गेलेला. खोडाची साल हवेत राहण्यासाठी असते. ती कायम ओल्या मातीत राहिली की कुजते, आणि बाहेरून काहीच कळत नाही. या दोघांनी हातखुरप्याने माती बाजूला करून प्रत्येक बुंधा उघडा करून पाहिला.

मग लाकडी हातोडीने वीतवीत अंतरावर ठोकत खोडाभोवती फेरी. भरीव लाकूड टणक वाजतं, पोकळ लाकूड रिकाम्या डब्यासारखं घुमतं. गेटजवळच्या गुलमोहराचा आवाज पूर्वेच्या बाजूला बदलला, आणि तिथेच बुंध्याशी अळंबीचं एक कडक ताट निघालं: वरून लाखेचं पॉलिश केल्यासारखं तपकिरी, कडेला पांढरट पट्टी. हा गॅनोडर्मा, बुंधा आणि मुळं कुजवणारी बुरशी. गुलमोहर वर फुललेला असतो, खाली मुळं कुजत असतात, आणि मग एखाद्या जुलैच्या रात्री झाड मुळासकट आडवं होतं. अळंबी खरवडून काढली की रोग गेला, असं वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना वाटतं. खरवडता येतं ते नुसतं फळ. बुरशी आत लाकडात असते.

या झाडाला त्यांनी टोकाशी साधारण ३ मिलिमीटर रुंद असलेली बारीक सुई आत घालून लाकडाचा विरोध मोजणारं यंत्र लावलं. सुई कुजलेल्या भागात पोचली की आलेख खाली पडतो. खोडाचा घेर १८८ सेंटीमीटर होता, म्हणजे व्यास साधारण ६० आणि त्रिज्या ३०. जर्मन अभ्यासक मॅथेक यांचा सरधोपट नियम असा की पोकळीभोवतीची धड लाकडाची भिंत त्रिज्येच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी नसावी. इथे किमान ९ सेंटीमीटर हवी होती. पूर्वेला जेमतेम ५ निघाली. अहवालात त्यांनी हा नियम सांगितला आणि त्याची मर्यादाही लिहिली: तो बंद, सर्व बाजूंनी सारख्या पोकळीसाठी आहे आणि मुळांबद्दल काहीच सांगत नाही. यंत्राचा आकडा तोंडावर फेकून 'झाड कापा' म्हणणारे खूप भेटतात. मर्यादा लिहून देणारे कमी, म्हणून ही नोंद.

एक चूक मात्र ठळक होती. जांभळाच्या पानावर 'निरोगी' असा शेरा. त्या झाडाची दोन जाड खोडं दीड मीटर उंचीवर फुटतात, आणि बेचकं इंग्रजी व्ही अक्षरासारखं अरुंद आहे. बेचकं उथळ आणि पसरट असलं तर दोन्ही बाजूंचं लाकूड एकमेकांत गुंफलेलं असतं, आणि सांध्यावर सालीची रेघ वर उठलेली दिसते. अरुंद बेचक्यात दोन्ही खोडं जाड होता होता मधली साल आतच दाबून टाकतात. मग तिथे लाकूड लाकडाला जोडलेलंच नसतं. दोन वह्या उभ्या टेकवून ठेवाव्यात तसं. पावसात पानं भिजून जड झाली आणि वारा आला की झाड तिथून उभं चिरतं. दाखवून दिल्यावर त्यांनी शेरा बदलला आणि एका खोडाचं वरचं वजन कमी करायचं कामात घातलं. अहवाल आला की प्रत्येक बेचक्याचा फोटो मागावा. तो नसेल तर कोणी बेचक्याकडे पाहिलेलंच नाही.

परवानगी

खासगी आवारातलं झाड म्हणजे आपल्या घरचं, हा समज मुंबईत महागात पडतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये 'झाड तोडणे' याचा अर्थ जाळणं, कापणं किंवा कुठल्याही प्रकारे इजा करणं इतका व्यापक आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं वारसा वृक्ष ठरतात. पार्ल्यात असे आंबे आणि रेन ट्री काही कमी नाहीत. छाटणीसाठीसुद्धा वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो, पाहणी होते, आणि परवानगीत कुठली झाडं ते लिहिलेलं असतं.

कंपनीने अर्जासोबत प्रत्येक झाडाचा फोटो जोडला आणि कापायच्या फांद्यांवर लाल खूण केली. 'झाडे धोकादायक आहेत, छाटणी करावी' अशा एका ओळीच्या अर्जापेक्षा हे कितीतरी बरं, कारण नंतर जास्त कापलं गेलं तर सोसायटीच्या हातात पुरावा राहतो. या सोसायटीला तो लागलाच. ते पुढे येतं.

वेळेचं गणित मात्र जमलं नाही. मुंबईत पाऊस यायची सर्वसाधारण तारीख ११ जून, म्हणून सगळे मेच्या शेवटच्या आठवड्यावर डोळा ठेवून असतात. पण तौक्ते वादळ २०२१ मध्ये १७ मेला आलं आणि वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर गेले. काम एप्रिलअखेर उरकायचं असेल तर अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत जायला हवा. इथे तो मार्चअखेर गेला आणि करवत लागली १९ मेला. तोवर आंब्यावर कावळ्याचं घरटं झालं होतं. ती फांदी सोडावी लागली, आणि सोडली हे बरोबरच केलं.

छाटणी

पहिले दोन दिवस आलेल्या टोळीचं काम मुंबईत पाहायला मिळणाऱ्या उत्तम कामांपैकी. चार माणसं: दोन वर, एक दोर सांभाळायला, एक खाली रस्ता अडवायला. वर चढणाऱ्याला हार्नेस आणि दोन दोर, म्हणजे एक सोडून दुसरीकडे अडकवताना तो कधी मोकळा नसतो. पायाला खिळ्यांचे काटे नाहीत. जिवंत खोडावर ते वापरले की प्रत्येक पावलागणिक सालीला भोक पडतं. कापलेली फांदी दोराने उतरवली जात होती. तीन मीटर लांब, २५ सेंटीमीटर जाड ओल्या फांदीचं वजन सहज शंभर किलोच्या वर जातं. खाली पार्किंगचे सिमेंटचे पत्रे आहेत, त्यामुळे हा काही शौक नव्हता.

आता एक काप जवळून पाहू. फांदी खोडाला मिळते तिथे सालीचा सुरकुतलेला फुगवटा असतो, मनगटात बांगडी असावी तसा. सगळी विद्या त्या बांगडीत. समजा फांदी १२ सेंटीमीटर जाड आहे. पहिला काप खोडापासून ३० सेंटीमीटरवर, खालून वर, तीन-चार सेंटीमीटर खोल. दुसरा त्याच्याही पुढे पाच सेंटीमीटरवर, वरून खाली, फांदी पडेपर्यंत. खालचा काप आधी दिला नाही तर फांदी पडताना साल सोलवटत खोडापर्यंत जाते, आणि मग ती जखम खोडाची होते. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा: बांगडीच्या लगेच बाहेर, बांगडीला धक्का न लावता, तिच्या तिरप्या रेषेत.

बांगडी का राखायची? अमेरिकेच्या वनसेवेतले ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून पाहिली. झाड माणसाच्या कातडीसारखी जखम भरून आणत नाही. कुजलेला भाग आतल्या आत भिंती घालून कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. ती कोंडण्याची यंत्रणा बांगडीत असते. खोडाशी सपाट, गुळगुळीत काप दिला की दिसायला स्वच्छ, पण कूज थेट खोडात उतरते. उलट हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो आणि वाळवीला आत जायला वाट होते. काम नीट झालं का ते पुढच्या वर्षी कळतं: कापाभोवती मेदूवड्यासारखी सगळीकडून सारखी कड आली तर काप बरोबर. कड फक्त डावी-उजवीकडे आली आणि वरखाली उघडं राहिलं, तर बांगडी कापली गेली होती.

दोन्ही रेन ट्रींवर त्यांनी दिसायला फारच कमी कापलं आणि समितीतल्या काहींना पैसे वाया गेल्यासारखं वाटलं. पण तेच या टोळीचं सगळ्यात चांगलं काम. रेन ट्रीच्या फांद्या दहा-बारा मीटर आडव्या जातात आणि सगळं ओझं टोकाला असतं. टोकाकडचा दीड-दोन मीटर भाग कमी करायचा, आणि तोही मधेच नाही. जिथे मूळ फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची उपफांदी फुटते तिथपर्यंत, म्हणजे पुढचं काम ती उपफांदी सांभाळते. तरफेची लांबी घटते, फांदीच्या बुडाशी पडणारा ताण बराच घटतो, सावली जवळपास तेवढीच राहते. स्वस्त टोळ्या नेमकं उलटं करतात. हात पोचतो त्या आतल्या बारीक फांद्या काढून टाकतात आणि टोकाला चवरीसारखा झुपका ठेवतात. झाड 'मोकळं' दिसतं, ओझं मात्र जिथे नको तिथेच राहतं. एका वर्षात एका झाडाची पाव हिश्श्याहून जास्त पालवी काढू नये, म्हाताऱ्या झाडाची त्याहून कमी. या दोन झाडांची दहा टक्केसुद्धा गेली नसेल.

तिसऱ्या दिवशी दुसरी टोळी आली. पार्किंगवरचे तिन्ही सोनमोहर तिने पाच मीटरवर सपाट बोडके केले. चेन सॉ एका हाताने चालवत, दोर नाही, फांद्या थेट खाली. एक पत्रा फुटला. परवानगीतल्या लाल खुणांशी या कामाचा काही संबंध नव्हता. सोसायटीने फोटो पुढे ठेवल्यावर कंपनीने तीन झाडांचं बिल वजा केलं. पण झाडांचं काय?

मुंडण केलेल्या सोनमोहराला दीड-दोन महिन्यांत प्रत्येक खुंटाच्या टोकाशी दहा-पंधरा धुमारे फुटतात. बघणाऱ्याला वाटतं, वा, झाड जोमात आहे. हे धुमारे खोलातून येत नाहीत. सालीखालच्या वरच्या थराला चिकटलेले असतात. पाच वर्षांत ते मनगटाएवढे जाड होतात आणि त्यांच्या बुडाशी खुंट कुजत असतो. वाऱ्यात तुटतात ते हेच. म्हणजे मुंडणाने पडझड टळत नाही, पुढच्या पाच वर्षांवर ढकलली जाते, वर दरवर्षी छाटणीचा खर्च बसतो. शिवाय अचानक ऊन लागलेली साल भाजते ते वेगळंच. आता या तीन झाडांना दोन वर्षं हात लावू नये. मग प्रत्येक खुंटावर दोन-तीन चांगल्या जागचे धुमारे ठेवून बाकीचे टप्प्याटप्प्याने काढावेत.

करारात टोळीप्रमुखाचं नाव आणि 'तीच टोळी सर्व दिवस' ही अट लिहून घ्यावी. कामगारांच्या विम्याची प्रत पहिल्या दिवशी फांदीला हात लागायच्या आधी.

नारळ

पॅकेजमधलं हे सगळ्यात वाईट काम, आणि वाईट आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. माड हा झाड म्हणून आंबा-जांभळाच्या जातीचा नाहीच. त्याच्या खोडाला नवं लाकूड चढवणारा थर नसतो. आंब्याची जखम दहा वर्षांत झाकली जाईल. माडाच्या खोडावरची खाच पन्नास वर्षांनी पण तशीच. तरी इथे चढणाऱ्याने पायाचे काटे वापरले आणि दोन माडांवर कोयत्याने पायऱ्या पाडल्या. त्या ओल्या खाचांच्या वासावर सोंड्या भुंगा येतो आणि तिथे अंडी घालतो. अळ्या आत खोड पोखरतात. बाहेर तपकिरी चिकट पाझर आणि चघळलेला भुसा दिसला तर दिसतो. शेंडा कलला तेव्हा वेळ गेलेली असते. दोराची वळी किंवा चढायचं यंत्र वापरणारा पाडेलीच बोलवावा.

दुसरं, हिरव्या झावळ्या. सातही माड वरती केरसुणीसारखे केले. चांगल्या माडाला ३० ते ३५ झावळ्या असतात, आणि महिन्याला साधारण एक नवी येते. प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय, म्हणजे फुलोरा. फुललेल्या पोयीचा नारळ पिकायला वर्षभर लागतं आणि तोवर घडाला खालची झावळी आधार देते. हिरवी झावळी काढली की अन्न गेलं, घडाचा आधारही गेला, आणि नारळ अवेळी गळायला लागले. डोक्यावर पडायची भीती ना? मग दर दोन महिन्यांनी तयार नारळ, सुकी झावळी, सुकी पोय उतरवून घ्या. पिवळी-हिरवी झावळी राहू द्या.

दोन माडांच्या नव्या झावळ्यांवर कात्रीने कापल्यासारख्या त्रिकोणी खाचा दिसत होत्या. हा गेंड्या भुंगा. अहवालात तो बरोबर ओळखला, आणि उपाय म्हणून 'दाणेदार औषध' असं बिलात लिहिलं. नाव नाही, मात्रा नाही. पूर्वी माडाच्या बेचक्यात वाळूबरोबर फोरेट घालायची सर्रास पद्धत होती. फोरेट आणि डायक्लोरव्हॉस या दोन्ही कीटकनाशकांवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. मुलं खेळतात त्या आवारात बिननावाचं दाणेदार औषध कोणी टाकत असेल तर पुडीचं लेबल मागितलंच पाहिजे. इथे मागितलं तेव्हा ते काम रद्द झालं, यावरून काय ते समजावं. साधा उपाय असा: शेंड्याजवळच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि बारीक वाळू मिसळून भरायची, आतला भुंगा तारेच्या आकड्याने ओढून काढायचा.

आणि भुंग्याचं माहेर शोधायचं. ते माडांपासून पंधरा पावलांवर होतं: सोसायटीचाच ओल्या कचऱ्याचा खड्डा. गेंड्या भुंग्याच्या अळ्या कुजणाऱ्या कचऱ्यात, शेणखतात, पडून कुजलेल्या माडाच्या खोडात वाढतात. खड्डा उलटापालटा केल्यावर अंगठ्याएवढ्या, पांढऱ्या, गोल वळलेल्या अळ्या निघाल्या. खत दर पंधरा दिवसांनी हलवणं, अळ्या वेचणं, आणि खड्ड्यात मेटारायझियम बुरशीचं द्रावण ओतणं, एवढं केलं तर वर चढून औषध घालायची वेळ क्वचित येईल. कंपनीला हा खड्डा तीन भेटींत दिसला नाही.

औषधं आणि 'मुळांचं पोषण'

'औषधोपचार' म्हणजे सगळ्या झाडांच्या खोडांवर जमिनीपासून दोन मीटरपर्यंत फवारा. कशावर, याला उत्तर नाही. रेन ट्रीवर पिठ्या ढेकूण आला तर तो पंधरा मीटर उंच कोवळ्या टोकांवर असतो. खोडाला अंघोळ घालून त्याला काय होणार? वाळवीचे मातीचे बोगदे दिसले म्हणून बकुळीवर जादा फवारा झाला. ती वाळवी बहुतेक वेळा सालीचा मेलेला थर खात असते. ब्रशने बोगदे पुसावेत, आठ दिवसांनी पाहावं. परत आले आणि खालचं लाकूड पोकळ वाजलं तर मग विचार.

खरं औषध लागत होतं ते मागच्या आंब्याला. खोडावर, बुंध्यापासून अर्धा मीटर उंचीवर दोन भोकं, खाली ताज्या भुशाच्या गोळ्या, वर ओघळलेला डिंक. भिरूड. आत बोटाएवढी जाड अळी खोड पोखरत असते आणि दोन मीटर उंचीचा फवारा तिच्यापर्यंत कधीच पोचत नाही. लवचिक तार भोकात घालून फिरवायची, जमली तर अळी ओढायची किंवा आतच मारायची. मग परवानगी असलेल्या कीटकनाशकात लेबलवरच्या मात्रेने भिजवलेला कापसाचा बोळा आत दाबायचा आणि भोक चिखलाने बंद करायचं. आठवड्याने पाहायचं. ताजा भुसा दिसला तर दुसरं भोक आहे. अर्ध्या तासाचं काम. कंपनीने पहिल्या दोन भेटींत त्या भोकांवरून गेरू-चुना मारला होता.

कापलेल्या जागी त्यांनी बोर्डो पेस्ट लावली आणि झाडामागे वेगळे पैसे लावले. पेस्ट करायला अवघड नाही: १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळे विरघळवून मग एकत्र. लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून पाहायची. तिच्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. त्याच दिवशी वापरायची. पावसाच्या तोंडाला आंब्याच्या बुंध्याला लावली तर बुरशीविरुद्ध उपयोगी. पण बरोबर दिलेल्या कापाची कूज कुठल्याही लेपाने थांबत नाही, आणि ऑइलपेंट किंवा डांबर तर ओल आत कोंडतं. त्या ओळीचे पैसे वाचले असते.

'मुळांचं पोषण' म्हणजे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेल्या) खताचं दोन लिटर पाणी प्रत्येक बुंध्याशी. अन्न शोषणारी बारीक मुळं बुंध्याशी नसतात, ती फांद्यांच्या पसाऱ्याच्या कडेखाली आणि त्याही पलीकडे असतात. शिवाय पूर्ण वाढलेल्या आंबा-रेन ट्रीला मेमध्ये नत्र घालणं म्हणजे वादळाआधी कोवळी, लुसलुशीत वाढ मागून घेणं. अपवाद माडाचा. त्याला खरोखर खत लागतं: मोठ्या माडाला वर्षाला ५० किलो शेणखत, सव्वादोन किलो युरिया, तीन किलो सुपर फॉस्फेट, पावणेदोन ते दोन किलो पोटॅश. शेणखत आणि फॉस्फेट जूनमध्ये एकदम. युरिया आणि पोटॅशचे तीन सारखे भाग जून, ऑक्टोबर, फेब्रुवारीत. खोडापासून पावणेदोन-दोन मीटरवर गोल चर करून. माडांनासुद्धा दोन लिटर पाणीच मिळालं.

जे कोटेशनमध्ये नव्हतंच

पेव्हर. २३ पैकी १४ झाडांना खोडापर्यंत पेव्हर ब्लॉक भिडलेले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या बाबतीत झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायचा आदेश दिला. तो आकडा सोसायटीने किमान म्हणून धरावा. मुंबईत पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तरी फरशीखालची माती ऑक्टोबरात कोरडी ठणठणीत असते, कारण पाणी गटारात जातं. मुळं मग ओल आणि हवा शोधत फरशीच्या लगेच खाली पसरतात, पेव्हर उचलले जातात, आणि कोणीतरी मूळ कापून फरशी सपाट करतो. गुलमोहर पडायची ही दुसरी मोठी तऱ्हा.

काम असं: खोडाभोवती एक मीटर पेव्हर हाताने काढायचे, ब्रेकर लावायचा नाही. बुंध्यावरचा भराव खोड पसरायला लागतं तिथपर्यंत खुरप्याने उतरवायचा. पलीकडे दर ६० सेंटीमीटरवर पाच ते आठ सेंटीमीटर रुंद, ३०-४५ सेंटीमीटर खोल भोकं पाडून त्यात कंपोस्ट आणि जाड वाळू. वर पाच-सात सेंटीमीटर पालापाचोळा, खोडापासून वीतभर दूर. हा पाला फुकट मिळतो, छाटणीचाच. कंपनीने तो दोन टेम्पो भरून नेला आणि 'कचरा उचलणं' म्हणून पैसे घेतले.

केबल किंवा गॅसची लाइन टाकणाऱ्यांसाठी एक आकडा आवाराच्या नकाशावर लिहून ठेवावा: खोडाच्या व्यासाच्या तिप्पट अंतरात खणायचंच नाही. ६० सेंटीमीटरच्या झाडाला १८० सेंटीमीटर. बारापटीत, म्हणजे साधारण सव्वासात मीटरच्या आत, खणावं लागलं तर हाताने, आणि मनगटाएवढं मूळ दिसलं की त्याच्या खालून पाइप. खोडांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा, खिळे ठोकलेले बोर्ड आणि सालीत रुतलेल्या जुन्या लोखंडी जाळ्या काढायला पक्कड आणि एक रविवार पुरतो.

पुढच्या वर्षी याच कंपनीला बोलवायचं का?

हो, पण सहापैकी तीन ओळींसाठी: तपासणी, परवानगी, छाटणी. गेटजवळच्या गुलमोहराचा तोडायचा अर्ज वेगळा चालू आहे. निकाल येईपर्यंत त्याखाली गाडी लावू नये आणि तिथला बाक हलवावा. नारळांना वेगळा पाडेली. औषधांची ओळ खोडून तिथे 'आंब्याचं भिरूड, भोकामागे दर' लिहावं. पोषणाच्या जागी पेव्हर काढायचं काम गवंड्याला द्यावं, बुंध्याजवळ मात्र स्वतः उभं राहून करून घ्यावं. बिलातले २० टक्के ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवावेत. पाऊस गेल्यावर त्यांच्याच तपासणीसाने येऊन प्रत्येक काप, प्रत्येक बेचकं आणि बुंध्याशी नवी अळंबी आली का ते पाहायचं, आणि मग चेक.